क्लबची फिरती खाट

माणसाने उभं राहून बोलू नये. जेवण झाल्यावर तर नाहीच, आणि टाळ्या वाजवायला टपलेल्या पंचवीस माणसांसमोर तर मुळीच नाही. हे शहाणपण वाल्देमार एत्चेगोयेनला सुचलं ते मंगळवारी, आणि तो बोलून बसला होता सोमवारी.

सोमवारी आमच्या पासो देल साउसे गावच्या सेवा क्लबचं पंधरवड्याचं जेवण होतं. वाल्देमार क्लबात नवा, जेमतेम तीन महिन्यांचा. नोंदणी कचेरीत चौतीस वर्षं गावाचे जन्म, लग्नं आणि मृत्यू वहीत उतरवून तो निवृत्त झाला, आणि घरी बसून बायकोच्या स्वयंपाकात सुधारणा सुचवू लागला. तेव्हा त्या बायकोनेच, नेल्बाने, त्याला क्लबात नेऊन घातलं. "समाजाची सेवा कर," ती म्हणाली, "माझी पुष्कळ झाली." कोटाला लावायचा क्लबचा बिल्ला मिळाला त्या दिवसापासून वाल्देमार पाव आणायलाही कोट घालून जात असे.

जेवण आटोपत आलं तेव्हा अध्यक्ष उठले. अध्यक्ष म्हणजे डॉक्टर बेंतांकुर, गावातले एकुलते एक दातांचे डॉक्टर. अख्ख्या गावाने कधी ना कधी त्यांच्या खुर्चीत बसून अश्रू ढाळलेले असल्यामुळे त्यांच्याशी वाद घालण्याची कुणाची छाती होत नाही. ते म्हणाले, "तेचेराबाईंना शनिवारी इस्पितळातून घरी सोडताहेत."

सगळ्यांचे काटेचमचे थांबले. तेचेराबाईंनी चाळीस वर्षं तिसरीचा वर्ग सांभाळला. त्या आता शहाऐंशीच्या आहेत. महिन्यापूर्वी परसातल्या झाडाची लिंबं काढायला त्या शिडीवर चढल्या आणि खुब्याचं हाड मोडून खाली आल्या. त्यांची राजधानीत राहणारी भाची मिरियान आली होती, आणि तिने डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं होतं: बाईंचा घरचा पलंग जमिनीला टेकलेला आहे, त्यावरून त्यांना उठवणं अशक्य. शनिवारी बाराच्या आत इस्पितळात असते तशी वरखाली होणारी खाट घरात आली तर ठीक, नाही तर ती बाईंना त्याच रुग्णवाहिकेतून थेट माँटेविडिओच्या वृद्धाश्रमात घेऊन जाणार. "मी माझ्या घरातून हलणार नाही," असं बाई म्हणाल्या होत्या. पण खुबा मोडलेल्या माणसाच्या तोंडी त्या वाक्याला जोर राहत नाही.

आणि इथे वाल्देमार उभा राहिला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. "शनिवारी बाराच्या आत," तो छातीवरच्या बिल्ल्याला हात लावून म्हणाला, "क्लबची खाट बाईंच्या खोलीत असेल. हा माझा शब्द!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. वाल्देमार लाल होऊन खाली बसला आणि हळूच डॉक्टरांकडे वाकला. "खाट कुठे ठेवलीय आपण?"

"तीन वर्षांपूर्वी ओफेलियाच्या नवऱ्यासाठी दिली होती."

"मग ओफेलियाकडे असेल."

"नवरा वारला की."

"मग परत आली असेल."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. दाढ वाचणार नाही हे सांगण्यापूर्वी ते असंच पाहतात. "आता हे तुम्हीच निस्तरा," ते म्हणाले.

आमच्या क्लबची कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, धरून चालायचे लोखंडी घोडे असं सामान गरजूंना वापरायला द्यायची जुनी पद्धत आहे. सामान सही घेऊन दिलं जातं, आणि ते कधीही परत येत नाही. गाव चोरांचं आहे असा कृपया गैरसमज नसावा. आजारी माणूस बरा होतो, किंवा देव त्याला नेतो, घरचे सामान धुऊनपुसून परत करायला काढतात, आणि नेमका त्याच वेळी कुंपणापलीकडचा कुणीतरी घसरून पडतो. मग क्लबात नेऊन कुलपात ठेवण्यापेक्षा वस्तू कुंपणावरूनच पलीकडे जाते. तिथून पुढच्या कुंपणावरून पुढे. अशी आमच्या गावात ती खाट तीन वर्षं समाजसेवा करत हिंडत होती. क्लबाची वही मात्र ओफेलियाच्या दाराशी थांबली होती.

मंगळवारी वाल्देमार ओफेलियाकडे गेला. दारात उभं राहून "खाट द्या" म्हणायला आपण काही जप्तीवाले नाही. आत बसावं लागतं. मग यजमानीण वाळक्या भोपळ्याच्या पेल्यात माते नावाचा पाला भरते, थर्मासमधलं गरम पाणी ओतते, आणि तो कडू काढा नळीने ओढत भोपळा आळीपाळीने फिरू लागतो. पहिला थर्मास संपेपर्यंत आलेल्या कामाचा उल्लेख करायचा नसतो. ओफेलियाने तीन थर्मास संपवले आणि नवऱ्याचं आजारपण पहिल्या खोकल्यापासून सांगितलं. चौथ्या थर्मासात कळलं की खाट बेकरीवाल्याच्या सासूकडे गेली.

"पण असे रिकाम्या हाताने कसे जाल?" ओफेलिया म्हणाली. तिला वाईट वाटलं. आत जाऊन तिने क्लबच्याच दोन कुबड्या आणल्या. एका कुबडीला टोमॅटोची वेल बांधलेली होती, ती तिने कात्रीने सोडवून दिली.

बेकरीवाल्याच्या सासूकडे खाट नव्हती. ती ठणठणीत बरी होऊन नाचाच्या क्लबात जायला लागली होती. पण तिलाही त्याला रिकामं पाठवणं प्रशस्त वाटेना. तिने संडासाची खुर्ची दिली. तिच्या पुढच्या घरी चाकाची खुर्ची मिळाली, जिच्यावरून ते लोक गॅसची टाकी ने-आण करत. बुधवारी दुपारी गावाने पाहिलं ते दृश्य असं: कोट घातलेला, बिल्ला लावलेला वाल्देमार चाकाची रिकामी खुर्ची ढकलत चालला आहे, तिच्यावर संडासाची खुर्ची, त्यावर आडव्या दोन कुबड्या, आणि चेहऱ्यावर तीन घरचं माते पिऊन आलेला ताण.

आमच्या गावात एखादा माणूस असं सामान घेऊन निघाला तर ते समाजसेवेसाठी असेल, असं कुणाच्या मनातसुद्धा येत नाही.

"डॉक्टर काय म्हणतात?" औषधवाल्याने दुकानातून हळुवार आवाजात विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, हे तुम्हीच निस्तरा," वाल्देमार खरं तेच बोलला.

औषधवाल्याने टोपी काढली.

पुढे चढण होती. चौकापर्यंत पोचता पोचता वाल्देमारच्या पोटऱ्या भरून आल्या. मग त्याने आयुष्यातली मोठी चूक केली: कुबड्या मांडीवर घेऊन तो क्षणभर त्या चाकाच्या खुर्चीत टेकला. नेमकी तेव्हाच तालुक्याची बस चौकाला वळसा घालून गेली. तिच्या सगळ्या खिडक्या भरलेल्या होत्या.

तो घरी पोचण्याआधी घरी तीन पातेली सूप पोचलं होतं.

"वाल्देमार," नेल्बा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुझा कुठला पाय कापला? एकीने डावा सांगितलाय, दुसरीने उजवा. मला एकदा नक्की काय ते कळू दे."

"मी सेवा करतोय!"

"कर. सूप मात्र चांगलं आहे. आठवडाभर मला चूल पेटवायला नको."

गुरुवारी एकदाचा खाटेचा माग लागला. ती रेल्वे फाटकापलीकडे आपारिसिओ फागुंदेसकडे होती. हा घोडागाडीवाला, एकटा राहणारा, गेल्या वर्षी पाठ धरल्याने अंथरुणाला खिळला होता. वाल्देमार आनंदाने तिकडे गेला. घोडा अंगणात होता, धुराड्यातून धूर येत होता, आत रेडिओ चालू होता. वाल्देमारने आमच्याकडच्या रीतीप्रमाणे अंगणाबाहेरून टाळ्या वाजवून हाक मारली. आतला रेडिओ बारीक झाला. आणखी काही झालं नाही. तो तासाभराने पुन्हा गेला, आणि उन्हं कलल्यावर तिसऱ्यांदा गेला. तिन्ही वेळा रेडिओ बारीक झाला, आणि घोड्याने त्याच्याकडे सहानुभूतीने पाहिलं.

आता सल्ल्यांना तोटा नव्हता. डॉक्टर बेंतांकुर म्हणाले, तीन प्रतींत पत्र लिहा. औषधवाला म्हणाला, तुम्ही आराम करा, खाटेचं आम्ही पाहू. शेजारचा म्हणाला, रात्री कौलं काढून उतरा. नेल्बा म्हणाली, "अरे, तो रेडिओ ऐकतो ना? मग रेडिओवरच सांग की त्याला."

ही सूचना सर्वात शहाणी होती. घोटाळा झाला तो तिच्यातूनच.

आमच्या गावच्या रेडिओवर सव्वाबाराला मृत्यूच्या वार्ता वाचतात. आधी ऑर्गनची धून वाजते. ती वाजली की घराघरांतली पातेली मंद आचेवर जातात, भांडणारी नवराबायको गप्प होतात, न्हावी कात्री हवेत थांबवतो. मग हेबेर नावाचा निवेदक नावं वाचतो. नाव कानावर पडलं की बाई कपाटातून काळा पोशाख काढते आणि पुरुष बूट पुसायला घेतो. पुढचं कुणी ऐकत नाही. गावातला एवढा भरवशाचा कार्यक्रम दुसरा नाही.

"साध्या सूचना चार वाजता असतात," हेबेरने शुक्रवारी वाल्देमारला समजावलं.

"चार वाजता गाव झोपलेलं असतं! सव्वाबाराला वाच."

"ती वेळ दिवंगतांची आहे, वाल्देमार."

"लोक ऐकतात ना? मग झालं. मी क्लबातर्फे आलोय." आणि वाल्देमारने कोटाची कॉलर पुढे केली.

हेबेर चांगला माणूस आहे, पण सव्वाबारासाठी त्याच्याकडे एकच आवाज आहे. त्याने धून लावली, दोन खरीखुरी नावं वाचली, आणि त्याच खोल, ओल्या आवाजात पुढे म्हणाला: "सेवा क्लबचे सभासद श्री. वाल्देमार एत्चेगोयेन..."

गावभर एकदम "अरे देवा!" झालं. त्या गलक्यात मधलं खाट परत आणून देण्याविषयीचं सगळं बुडालं. गलका ओसरला तेव्हा लोकांच्या कानावर शेवटचा तुकडा आला: "...शनिवारी सकाळी नऊपासून, त्यांच्या राहत्या घरी."

शनिवारी आठ वाजता पहिली फुलांची चक्री आली. ती क्लबकडून होती. पट्टीवर सोनेरी अक्षरांत "अविस्मरणीय सभासदास" असं लिहिलं होतं. खरं सांगायचं तर तीन महिन्यांच्या सभासदत्वात एवढा मान मिळालेला पाहून वाल्देमारला क्षणभर भरून आलं. मग तो भानावर आला.

नऊ वाजता घंटी वाजली. त्याने स्वतःच दार उघडलं. दारात ओफेलिया होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, केक त्याच्या हातात दिला, आणि मग किंकाळी फोडली.

साडेनऊपर्यंत बैठकीत चाळीस माणसं काळ्या कपड्यांत बसली होती. तो जिवंत असल्याचं पाहून सगळ्यांना मनापासून आनंद झाला, पण कुणी परत जाईना. लोक नटून आले होते, सँडविच करून आणले होते, दोघांनी तर दुकानं बंद ठेवली होती.

"पण मी मेलो नाहीये!" वाल्देमार खुर्चीवर चढून म्हणाला.

"ते दिसतंय हो," औषधवाला म्हणाला, "पण रेडिओवर सांगितलं."

वाल्देमारच्या चौतीस वर्षांच्या नोकरीला हे झोंबलं. "दाखल्याशिवाय या गावात कुणी मरत नाही! माझ्या मृत्यूचा दाखला कुठाय?"

"कचेरी शनिवारी बंद असते," मागून कुणीतरी म्हणालं. "सोमवारी मिळेल."

तो खाली उतरला. घड्याळात दहा वाजले होते, आणि बाराला मिरियान बाईंना घेऊन जाणार होती. इतके दिवस तो स्वतःच्या शब्दासाठी धावत होता. आता कोपऱ्यात उभा राहिल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे बाई आल्या, कुठल्याशा परक्या शहरातल्या खोलीत, जिथे त्यांना कुणी बाई म्हणणार नाही. तो स्वयंपाकघरात गेला, कारण रडायचं झालं तर बैठकीत सोय नव्हती.

तेवढ्यात बाहेर घोडागाडी थांबल्याचा आवाज आला.

आपारिसिओ फागुंदेस दंडाला काळी फीत बांधून आत आला आणि थेट नेल्बाच्या पुढ्यात उभा राहिला. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "वहिनी, मी त्याचा जीव घेतला! तीनदा आला होता बिचारा माझ्या दारी, तसा आजारी. आणि मी आत खाटेवर आडवा. रेडिओ बारीक केला मी, वहिनी! पाठ माझी केव्हाच बरी झाली. पण त्या खाटेची मूठ फिरवली ना, की डोकं वर येतं आणि पडल्या पडल्या खिडकीतून रस्ता दिसतो. घरात बोलायला कुणी नाही. म्हटलं, जाणारी येणारी माणसं तरी दिसतात. म्हणून नाही दिली. आता आणलीय बघा, गाडीवर. त्याला तिच्यावरच निजवा."

"नको," वाल्देमार स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाला, "मी उभाच बरा आहे."

आपारिसिओ मटकन खाली बसला. त्याला पाणी पाजून, नाडी बघून, वाल्देमारच्या हाताला हात लावू देऊन खात्री पटवण्यात वीस मिनिटं गेली. मग सगळे बाहेर धावले, तर घोड्याने दाराशी ठेवलेली क्लबची चक्री खाल्लेली. अविस्मरणीय सभासदाचा फक्त "अवि" उरला होता. कार्नेशनची फुलं घोड्याला बाधतात की काय, देव जाणे, पण तो मान खाली घालून उभा राहिला आणि ओढून, ढकलून, गोंजारूनही एक पाऊल टाकीना.

"खांद्यावर घ्या!" वाल्देमार ओरडला.

आठ जणांनी खाट खांद्यावर घेतली. पुढचा डावा पाय वाल्देमारने धरला, उजवा आपारिसिओने. मागे काळ्या कपड्यांतली माणसं आपसूक दोन-दोनच्या रांगेत लागली, कारण त्या कपड्यांत दुसरं कसं चालायचं ते आम्हाला माहीत नाही. फुलं हातात कशी धरायची, म्हणून बायकांनी ती खाटेवर ठेवली. मुख्य रस्त्यावरच्या दुकानदारांनी दारं ओढून घेतली. पोलिसाने सलाम ठोकला.

चौकात मागून एक रुग्णवाहिका आली आणि वेग कमी करून शेवटच्या रांगेमागे रांगू लागली. अंत्ययात्रेला ओलांडून जायचं नाही, ही आमच्याकडची रीत आहे, मग गाडीत कुणी का असेना. त्या गाडीत तेचेराबाई होत्या, आणि त्यांच्या शेजारी हातात घड्याळ धरून मिरियान.

"कोण गेलं रे?" बाईंनी चालकाला विचारलं.

"एत्चेगोयेन म्हणे, नोंदणी कचेरीतले वाल्देमार."

बाईंनी उशीवरून मान उचलून पुढच्या काचेतून पाहिलं. "पुढे डावा पाय धरून चाललाय तो?" त्या म्हणाल्या. "खांदे पाडून चालतो. कितीदा सांगितलं मी."

चर्चची बाराची घंटा वाजायला लागली तेव्हा खाट बाईंच्या खोलीत शिरत होती. घंटा थांबली तेव्हा बाई खाटेवर होत्या. डॉक्टर बेंतांकुरांनी स्वतः मूठ फिरवली, बाईंचं डोकं अलगद वर आलं, आणि खोलीत, ओसरीत, अंगणात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वाल्देमारने कोट झटकला आणि मिरियानकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

मिरियान दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. महिनाभर तिला नीट जेवण मिळालेलं नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "खाट छान आहे," ती म्हणाली. "पण सकाळी हिला उठवणार कोण? गोळ्या देणार कोण? हिला हात धरून चार पावलं चालवणार कोण? माझी नोकरी तिकडे आहे, मी सोमवारी जाणार. तुम्ही सगळे आता सँडविच खाऊन घरी जाल. मला का हिला न्यायची हौस आहे?" आणि तिचा आवाज फुटला.

वाल्देमारची विजयी मुद्रा कुठल्या कुठे गेली. आठवडाभर आपण लोखंड शोधत होतो, आणि तिने मागितलं होतं ते लोखंड नव्हतंच, हे त्याला आत्ता कळलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"माझा चष्मा द्या," तेचेराबाई म्हणाल्या.

चष्मा लावून त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "गर्दी कसली केलीय? उंचीप्रमाणे रांगेत."

चाळीस माणसं निमूटपणे रांगेत उभी राहिली. डॉक्टर बेंतांकुर सर्वात बुटके, ते बिल्ला सावरत पहिल्या जागी गेले. बाईंच्या हातात कागद नव्हता. त्यांना तो कधीच लागला नाही.

"बेंतांकुर दार्दो."

"हजर, बाई."

"सकाळी सात वाजता, मला उठवायला. नखं कापून ये. मेदिना ओफेलिया."

"हजर!"

"दुपारचं जेवण. बोलणं कमी, मीठही कमी." मिरियान पुढे आली, पर्समधून पेन्सिल काढली आणि लिहून घेऊ लागली. नावं येत होती, हजेरी लागत होती, औषधवाल्याला गोळ्या मिळाल्या, नेल्बाला सोमवार आणि गुरुवारची आंघोळ. "फागुंदेस आपारिसिओ. दारामागे लपलास तरी बूट दिसतात."

"हजर, बाई," आपारिसिओ दारामागून म्हणाला.

"तू संध्याकाळी ये, रोज. काम काही नाही. तिथे खिडकीपाशी खुर्ची आहे, बसून बोल माझ्याशी. मला संध्याकाळ फार मोठी जाते."

आपारिसिओ दारामागून बाहेर आला. त्याने नुसती मान हलवली, आणि मिरियानने तेही लिहून घेतलं. तिच्या कागदावर आता सकाळ, दुपार, संध्याकाळ सगळी भरली होती. तिने दाराबाहेर बांधून ठेवलेली बाईंची बॅग उचलून आत आणली आणि कपाट उघडून एकेक कपडा पुन्हा जागेवर लावायला लागली.

"एत्चेगोयेन वाल्देमार," बाई म्हणाल्या.

खोलीतल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. अख्ख्या गावाने आदल्या दिवशी पातेली मंद आचेवर ठेवून त्याचं नाव ऐकलं होतं. वाल्देमारने खांदे ताठ केले. काहीतरी समर्पक, क्लबला शोभेलसं बोलावं असं त्याच्या मनात होतं, पण तिसरीतल्या मुलाचा निघावा तसा बारीक आवाज निघाला.

"हजर, बाई."

"ऐकू आलं नाही. मोठ्याने."

"हजर!" वाल्देमार ओरडला.